सोन्याची ऊब

चिक्कू म्हाताऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी सांगतात आणि आपण त्यांना हसतो. बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराने १८३३ साली 'युजेनी ग्राँदे' या कादंबरीत रंगवलेल्या म्हाताऱ्याला मात्र फार वेळ हसता येत नाही.

हा ग्राँदे मूळचा लाकडी पिंपे बनवणारा. राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी मातीमोलाने निघाल्या, त्या याने उचलल्या आणि सोम्यूर गावचा मोठा धनी झाला. घरात साखरेचे तुकडे स्वतः करणार, पाव आणि मेणबत्त्या रोज मोजून देणार. शेकोटी पेटायची ती १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. पुढे कितीही गारठा पडो. इथपर्यंत गंमत आहे. पण एकुलती एक लेक युजेनी आपल्याजवळची सोन्याची नाणी अनाथ, कफल्लक झालेल्या चुलतभावाला देऊन टाकते, तेव्हा बाप तिला खोलीत कोंडून पाव-पाण्यावर ठेवतो. त्या धसक्याने आई अंथरूण धरते, ती पुन्हा उठत नाही. आईच्या पश्चात मुलगी वाटा मागेल या भीतीने तोच बाप एकदम प्रेमळ होतो आणि तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतो. सहीपूर्वीची ही लाडीगोडी मी बँकेत टेबलापलीकडून पुष्कळदा पाहिली आहे.

ब्याऐंशीव्या वर्षी अर्धांगाने पडलेला ग्राँदे मुलीला समोर मोहरा मांडायला लावतो आणि तासन् तास बघत बसतो. त्याला म्हणे त्यांची ऊब लागते. अखेर धर्मगुरू मुलामा दिलेला क्रूस ओठांशी नेतो, तर हा तो हिसकावायला हात उचलतो. तेवढ्या श्रमानेच प्राण जातो.

हे लिहिणारा माणूस स्वतः कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता! बाल्झाक १७९९ साली तूर येथे जन्मला. त्याने नोटरी व्हावे ही घरच्यांची इच्छा. याला लेखक व्हायचे होते, आणि श्रीमंतही. १८२५ नंतर त्याने आधी प्रकाशन, मग छापखाना, मग टाइपाची ओतशाळा काढली. १८२८ साली सगळे आटोपले तेव्हा अंगावर सुमारे ६०,००० फ्रँकचे देणे होते. त्यातला मोठा हिस्सा आईचा. गंमत अशी की तीच ओतशाळा पुढे दुसऱ्याच्या हाती उत्तम चालली.

मग सुरू झाली ती गुलामी. संध्याकाळी झोपायचे, मध्यरात्री उठायचे, भिक्षूसारखा पांढरा झगा चढवून कॉफीच्या जोरावर सकाळ उलटेपर्यंत लिहायचे. अशी नव्वदच्या आसपास पुस्तके झाली. पण प्रुफांवर तो अख्खा मजकूर पुन्हा लिहायचा, आणि त्या जुळणीचा खर्च त्याच्याच मानधनातून कापला जायचा. उरलेला पैसा घोडागाडी, उंची कपडे आणि नीलमण्यांसारख्या निळ्या फिरोजांनी मढवलेल्या काठीवर जाई. ग्राँदेने याला दारात उभे केले नसते.

१८३८ साली तर तो थेट सार्डिनियाला गेला. रोमन काळातल्या खाणींच्या टाकाऊ मळीत अजून चांदी आहे, ही त्याची अटकळ. अटकळ काही अगदीच खुळी नव्हती. पण आदल्या वर्षी ज्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्याशी मोकळेपणाने बोलला होता, त्याने परवाना आधीच मिळवला होता. अर्जदार म्हणून हा माणूस माझ्यासमोर आला असता, तर त्याच्या बोलण्याला भुलून मी कर्ज मंजूर केले असते की काय, अशी मला शंका आहे.

१८४० पासून तो पॅरिसजवळच्या पासी गावात राहिला, तेही घरकामवालीच्या नावावर. घराला दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर दारे होती. सावकार एकीकडे आला की दुसरीकडून निसटता येई. तिथेच बसून तो आपल्या पात्रांची उत्पन्ने, हुंडे, व्याजाचे दर काटेकोर लिहीत असे. ग्राँदे पैशाला कवटाळून बसला, हा त्याच्यामागे धावला. ग्राँदेच्या घरात किंमत बायको-मुलीने मोजली, इथे म्हाताऱ्या आईने.

युक्रेनमधली धनाढ्य विधवा एव्हलिना हान्स्का हिची त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली. लग्न झाले १४ मार्च १८५० रोजी. तोवर हृदय आणि डोळे दोन्ही गेल्यात जमा होते. तिच्यासाठी पॅरिसमध्ये उधारीवर सजवून ठेवलेल्या घरात तो १८ ऑगस्टला वारला. देणी मागे उरली. ती पुढे तिने फेडली.