धर्मशाळा लाखोंच्या, घरच्यांना मात्र झोपडी! गाडगेबाबांनी असं का केलं?

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. वारीला नाहीतर तीर्थाला गेलेल्या कितीतरी गावकऱ्यांनी गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पथारी पसरली असेल. या इमारती ज्याने उभ्या केल्या, त्या माणसाचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. अंगावर ठिगळं लावलेले कपडे, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. भाकरी त्यातच खायची, ऊन लागलं की तेच डोक्यावर घ्यायचं.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला माहेरी आली. डेबू मामाच्या शेतात राबला, गुरं राखली. पण सावकाराच्या कागदावर मामाचा अंगठा उमटला आणि चांगली जमीन हातची गेली. अक्षरओळख नसली की काय होतं, हे त्याने घरातच पाहिलं.

पुढे मुलीच्या बारशाला जातभाई मटण-दारूच्या आशेने जमले, तर पानात पडले बुंदीचे लाडू! लोक चिडले. डेबूने ऐकलं नाही.

1905 साली त्यांनी घर सोडलं. गावात आले की आधी गल्ल्या झाडायच्या, मग भाकरी मागायची. फुकटचं खायचं नाही, हा नेम. रात्री कीर्तन. देवापुढे बकरं कापू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, पोरांना शाळेत घाला, हेच सांगणं. देणाऱ्यांची रांग लागायची, पण पैसा देवळाला न जाता धर्मशाळा, सदावर्त, घाट आणि शाळांना जायचा.

पंढरपूरची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वारी सगळे पायी करायचे, पण अस्पृश्य वारकऱ्यांना मुक्कामाला कुणी दारात उभं करत नसे. त्यांनी पावसात कुठे झोपायचं? त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली.

आता घरच्यांचं. बायको कुंताबाई आणि लेकरं यांना या इमारतींचा आराम कधी मिळाला नाही. त्या झोपडीत राहिल्या. 1923 मध्ये मुलगा गोविंद वारला, ती बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला मिळाली. कीर्तन थांबलं नाही. हे कठोर होतं, कुंताबाईंसाठी तर फारच. पण बाबांचा हिशोब सरळ होता. लोकांनी पैसा गरिबांसाठी दिला, त्यातला घास आपल्या घरात गेला तर ती चोरीच. म्हणून संस्थांवर नातेवाइकांचा हक्क राहणार नाही, अशी कागदोपत्री तजवीजही त्यांनी केली.

1949 मध्ये चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. तिथे पोरं शिकावीत, एवढाच हेतू. बाबासाहेब गेले 6 डिसेंबर 1956 ला. चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.