पंडिता रमाबाई : श्रद्धेची दुहेरी कसोटी



एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य वाचताना पंडिता रमाबाईंचे नाव तुम्हांला बहुधा दोन संदर्भांत भेटले असेल : एक स्त्रीशिक्षणाच्या चळवळीत आणि दुसरे धर्मांतराच्या वादात. दोन्ही संदर्भ खरेच आहेत. पण त्यांत अडकून पडले की या बाईंच्या आयुष्यातील एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या ख्रिस्ती राहिल्या. या जवळजवळ ३९ वर्षांत स्वकीयांनी त्यांना दूर केले आणि ज्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला त्यांनीही त्यांना हट्टी आणि गर्विष्ठ ठरवले. अशा दुहेरी कसोटीत त्या कशाच्या बळावर टिकल्या, हा प्रश्न मनात ठेवून आपण त्यांचे चरित्र पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल विद्वानांच्या सभेला त्यांना तोंड द्यावे लागले. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. भागवताचे हजारो श्लोक रमेला मुखोद्गत होते. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरे, पुराणे सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यातील त्या दिवसांत अन्न मिळेनासे झाले. होते नव्हते ते द्रव्य देवधर्मात आणि दानात गेले होते, मजुरी करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटत होती. आधी वडील गेले, मग आई, नंतर थोरली बहीण. रमा आणि बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. शास्त्रात सांगितलेली सारी व्रते, उपासतापास आणि अनुष्ठाने या कुटुंबाने निष्ठेने केली होती. फळ काही मिळाले नव्हते. बहीणभावांच्या मनातील परंपरागत श्रद्धा तेथेच ढासळली. हा प्रसंग तुम्ही विशेष लक्षात ठेवा. रमाबाईंची पुढची श्रद्धा सुखवस्तू घरातील बौद्धिक चर्चेतून आलेली नाही. भुकेने एक श्रद्धा मोडून पडताना त्यांनी पाहिली होती, आणि दुसरी स्वीकारताना ती सहज मोडणार नाही ना, हे त्या वारंवार तपासून पाहत राहिल्या.

पायी भ्रमंती करत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी पदरी तान्ही मुलगी आणि माहेर म्हणावे असे एकही माणूस नाही, अशी त्यांची स्थिती झाली. आसामात सिल्चर येथे संसार करत असताना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. ती त्यांनी आवडीने वाचली; पतीला मात्र ते फारसे रुचले नव्हते.

पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ, हंटर आयोगापुढील साक्ष, हे सारे १८८२ या एकाच वर्षातले. या कार्याची माहिती इतर अभ्याससाहित्यात तुम्हांला मिळेल, म्हणून येथे विस्तार करत नाही. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या मठाच्या वतीने लंडनमधील फुलहॅम येथे ज्यांना समाज ‘पतित’ म्हणतो अशा स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवले जात होते. ते पाहून रमाबाई हेलावून गेल्या. अशा स्त्रीला शिक्षा करण्याऐवजी तिची शुश्रूषा करावी, तिला पुन्हा उभे करावे, असे सांगणारा धर्म त्यांना तोवर कोणत्याही शास्त्रात भेटला नव्हता. शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला संवाद त्यांनी याच काळात वाचला. याच सुमारास, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात हा घाव सोसून २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, तेथे फसवणूक झाल्याची भावना पसरली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तुम्ही फुल्यांचे साहित्य अभ्यासले असेल तर ते लिखाण या प्रकाशात पुन्हा पाहा.

आता कसोटीची दुसरी बाजू पाहू. माझ्या मते रमाबाईंच्या चरित्राचा सर्वांत कमी वाचला गेलेला आणि सर्वांत तेजस्वी भाग तो हाच. बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. प्रेम खरे होते, पण आजीबाईंची अपेक्षा अशी की नव्याने धर्मात आलेल्या बाईने मठाचे आणि धर्मगुरूंचे म्हणणे निमूटपणे मान्य करावे. रमाबाईंचा स्वभाव तसा नव्हता. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. ख्रिस्ताचा कुमारिकेपोटी जन्म त्यांना समजेना. ज्या गोष्टी बायबलमध्ये स्वतःला दिसत नाहीत त्या केवळ बिशप सांगतात म्हणून मानायला त्यांनी नकार दिला. इंग्रज पुरुषांना मराठी शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. त्यावर आपले बरेवाईट ठरवण्याचा अधिकार आपला आहे, असे त्यांनी स्पष्ट कळवले. मठाच्या क्रूसावरील लॅटिन अक्षरांबाबतही त्यांनी वाद घातला : आपल्याला आणि आपल्या भगिनींना न कळणारी लॅटिन पवित्र कशी, आणि आपली संस्कृत अपवित्र कशी? मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. वेश साधा आणि हिंदी पद्धतीचाच ठेवला.

हा पत्रव्यवहार पुढे सिस्टर जेराल्डिन यांनीच संकलित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. तो मूळ इंग्रजीत आहे, तरी जमल्यास वाचाच. एका बाजूला चर्चची सत्ता, ज्ञान, पैसा आणि आश्रय. दुसऱ्या बाजूला त्याच आश्रयावर राहणारी एक परदेशी विधवा. असे असूनही या बाई आपल्या शंका लपवत नाहीत. शंका आहेत म्हणून धर्म सोडतही नाहीत. श्रद्धा म्हणजे प्रश्नांचा अभाव, अशी आपली समजूत असेल तर हा पत्रव्यवहार ती मोडून काढतो. पुढच्या काळात त्यांच्या शंका बऱ्याच अंशी शमल्या. पण त्या शमल्या त्या स्वतःच्या वाचनातून आणि अनुभवातून, कोणाच्या आज्ञेने नव्हे. १८९१ च्या सुमारास त्यांना स्वतःला जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त मात्र अजून गवसायचा होता. अंतरीच्या या बदलाची कहाणी त्यांनी १९०७ मधील आपल्या साक्षीत सांगितली आहे.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. दोन-अडीच वर्षे तेथे राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य करणारी संस्था उभी राहिली. अट अशी की विधवांसाठी निघणारी शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ असावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती.

पेच पडला तो येथे. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, पण हाकलूनही दिले नाही. हिंदू मुलींना आपल्या खोलीत तुळशीची पूजा करण्याची जशी मुभा आहे, तशीच मला माझ्या खोलीत प्रार्थनेची असावी, अशी त्यांची भूमिका. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

या प्रसंगाकडे पाहताना एकाच पक्षाला झुकते माप देण्याचा मोह टाळावा. रानडे-भांडारकरांनी समाजाला शब्द दिला होता. मातेसमान असलेल्या संचालिकेचा प्रभाव अनाथ, पोळलेल्या मुलींवर पडणारच, ही त्यांची धास्ती निराधार नव्हती. पुढे काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. रमाबाईंची अडचणही तितकीच खरी होती. प्रार्थनेसाठी दार लावून घेतले असते तर शाळा वाचली असती. पण आपण काहीतरी लाजिरवाणे करत आहोत असे स्वतःच्या वागण्यातून मुलींना सांगितल्यासारखे झाले असते. त्यांनी दार उघडेच ठेवले. बोस्टनच्या संस्थेने पाठिंबा काढून घेतला नाही आणि सदन हळूहळू पुन्हा भरू लागले. जे घडले ते दुःखद होते, एवढे मात्र म्हणायला हवे : स्त्रियांच्या उद्धाराची कळकळ असलेली दोन्हीकडची माणसे त्यानंतर एकत्र काम करू शकली नाहीत.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बालपणीचा दुष्काळ रमाबाईंच्या मनातून कधी गेलाच नव्हता. हाताशी पुरेसा पैसा नसताना त्या तेथे गेल्या आणि अनाथ मुलींना, तरुण विधवांना घेऊन परतल्या. त्यांपैकी बहुतेक उच्चवर्णीय नव्हत्या, शिकलेल्या नव्हत्या; कित्येकींच्या अंगावर केवळ हाडे उरली होती. त्यातच पुण्यात प्लेग शिरला आणि शहरात इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले. पुण्यापासून सुमारे चाळीस मैलांवर केडगाव येथे बागायतीसाठी घेतलेली जमीन होती. तेथे झोपड्या, मग इमारती उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली, हेही नोंदवायला हवे. ख्रिस्ती झालेली बाई सरकारधार्जिणी असणारच, या समजुतीला ते छेद देणारे आहे.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दीड हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुले होती. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, छापखाना अशी कामे त्या शिकत. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता. फुलहॅमला पाहिलेले येथे प्रत्यक्षात आले.

मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्हांला जिव्हाळ्याचे वाटावे असे काम या शेवटच्या पर्वातले आहे. बायबलचे मराठी भाषांतर त्या काळी उपलब्ध होते. परंतु त्याची मराठी संस्कृतप्रचुर आहे, दुष्काळातून आलेल्या खेड्यातील बाईला ती कळत नाही, असे रमाबाईंना वाटले. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मुळावरून एकटीने मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. यातील विलक्षणपणा लक्षात घ्या. जिच्या संस्कृतवर कलकत्त्याचे पंडित दिपून गेले, तीच लेखिका आपल्या गद्यातून संस्कृत शब्द एकेक करून बाजूला सारते आणि घरगुती, बोलीच्या जवळची मराठी शोधते. चेल्टनहॅमला लॅटिनबद्दल विचारलेला प्रश्न त्यांनी येथे स्वतःच्या संस्कृतलाही लावला. हे भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र सरस उतरले आहे असे नाही. शब्दशः मुळाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी वाक्ये ताठर होतात. तरीही एका स्त्रीने एकहाती केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे.

हे काम चालू असतानाच शेवटचा आघात झाला. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, सहकारी आणि संस्थेची नियोजित वारस. सिल्चर, पुणे, वाँटेज, अमेरिका, केडगाव या साऱ्या प्रवासाची तीच एक साक्षीदार उरली होती. १९२१ च्या जुलैमध्ये ती वारली. तिच्या आधी रमाबाईंनी आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांना निरोप दिला होता. दुष्काळात पहिली श्रद्धा ढासळली होती. या वेळी तसे झाले नाही. त्या पुन्हा मुद्रितांपाशी बसल्या. प्रकृती खालावत असतानाही भाषांतराचे काम त्यांनी थांबू दिले नाही, आणि ते हातावेगळे झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. त्या छापखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया मुक्तीतच वाचायला शिकल्या होत्या.