घराघरांतल्या माळ्यावरून मराठ्यांचा इतिहास खाली काढणारे राजवाडे

सह्याद्रीच्या खोऱ्यातल्या जुन्या घराण्याची मुळं शोधायला बसलात, तर एका माणसाच्या कामावाचून पुढे जाता येत नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

जन्म १८६३ चा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. बी.ए. झाल्यावर पुण्यात काही काळ शिक्षकी केली, मग तीही सोडली. पत्नी तरुणपणीच वारली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

वाईत त्यांच्या हाती पानिपतच्या काळातली पत्रं लागली. ती छापून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. मग कागद शोधणं हेच आयुष्य झालं.

हे कागद असायचे देशमुख, देशपांडे, कुलकर्ण्यांच्या घरी. कापडी रुमालात बांधून, माळ्यावर. घराणी ते का जपायची? कारण वतन वारशाने चालायचं. भाऊबंदकीत वाद पेटला की निवाड्यात वंशावळ हाच पुरावा. त्यामुळेच ते परक्याला कुणी दाखवत नसे. त्यात १८५० च्या दशकात इंग्रजांच्या इनाम कमिशनने अनेकांची इनामं काढून घेतलेली. कागद दिला आणि हक्क गेला तर?

राजवाडे गावोगाव फिरले, लोकांची मनं वळवली, मोडी कागद नकलून घेतले. एकूण २२ खंड निघाले. त्यातल्या काहींचं नावच 'शिवकालीन घराणी'. १५ व्या खंडात भोरच्या डोंगराळ रोहिडखोऱ्यातले कागद आहेत.

१९१० साली त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. याच मंडळाच्या संमेलनवृत्तात १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही नोंदवही. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख ठरवताना तिचाच मोठा आधार मिळाला.

राजवाडे १९२६ साली धुळ्यात गेले. तिथे आज त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे.

तुमच्याही घरी जुनं मोडी दप्तर असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढा, जाणकाराकडून वाचून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा: वतनासाठी खोटे कागदही बनत. त्यामुळे वंशावळ सापडली, तरी ती दुसऱ्या कागदांशी ताडून पाहा.