झिरो विमानाला चकवणारा डाव त्याने आगकाड्यांवर शोधला होता

साल १९४१. अमेरिकन नौदलाकडे एक गुप्त अहवाल आला. जपानचं 'झिरो' हे लढाऊ विमान आपल्या वाइल्डकॅटपेक्षा झपाट्याने वर चढतं आणि चटकन वळतं, असं त्यात होतं. म्हणजे झिरो पाठीमागे लागलं की सुटका नाही.

फायटर स्क्वाड्रनचे प्रमुख जिमी थॅच यांनी हे मनावर घेतलं. १९०५ मध्ये आर्कान्सात जन्मलेले थॅच रात्री घरातल्या टेबलावर आगकाड्यांची विमानं मांडून डाव शोधायचे.

तो सापडला. दोन विमानांनी अंतर ठेवून शेजारी उडायचं. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचं. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकांसमोर येतो.

४ जून १९४२, मिडवेची लढाई. थॅच यांच्या सहा वाइल्डकॅटना झिरोंनी घेरलं. एक वैमानिक गेला, पण या डावामुळे थॅच तगले आणि त्यांनी उलट झिरो पाडली.

१९६७ मध्ये अ‍ॅडमिरल म्हणून ते निवृत्त झाले, १९८१ मध्ये वारले. त्यांचा डाव आजही 'थॅच वीव्ह' म्हणून ओळखला जातो. विमान कमी ताकदीचं असलं, तरी जोडीदार साथीला असेल तर वाचता येतं, हे त्यांनी दाखवलं.