सारा सिडन्स आणि लेडी मॅकबेथ

'मॅकबेथ' या शोकांतिकेत राजा डंकनचा खून मॅकबेथ करतो. कट्यार त्याच्या हातात असते आणि राजमुकुट त्याच्या मस्तकावर चढतो. पुढे बँकोवर मारेकरी घालणारा तोच असतो आणि मॅकडफच्या बायकामुलांच्या हत्येचा हुकूमही तोच देतो. तरीही या नाटकातील खरे दुष्ट पात्र कोणते, असे वर्गात विचारले की निम्म्याहून अधिक विद्यार्थी लेडी मॅकबेथचे नाव घेतात. गेली अनेक वर्षे मी हा अनुभव घेत आलो आहे. पुरुषाने सत्तेचा लोभ धरला तर त्याला महत्त्वाकांक्षा म्हणायचे आणि स्त्रीने धरला तर विकृती, हा आपल्या वाचनातला जुना संस्कार त्यामागे आहे. हा संस्कार रंगभूमीवर हलवण्याचे काम ज्या अभिनेत्रीने केले, तिच्या चरित्राचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत.

सारा केंबल हिचा जन्म ५ जुलै १७५५ रोजी वेल्समधील ब्रेकन या गावी एका खाणावळीत झाला. वडील रॉजर केंबल यांची फिरती नाटक मंडळी होती आणि आईही अभिनेत्री होती. गावोगाव बिऱ्हाड हलवत, मिळेल त्या जागेत प्रयोग लावत हे कुटुंब जगत असे. सारा ही थोरली मुलगी, त्यामुळे रंगमंचावर उभे राहणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे ही दोन्ही कामे ती बरोबरच शिकली. मुलीने नटाशी लग्न करू नये, असे आईवडिलांना वाटे. विल्यम सिडन्स या कंपनीतल्याच नटाशी तिचे सूत जुळल्याचे कळताच तिला वॉरिकशायरमधील एका श्रीमंत घराण्यात नोकरीला ठेवण्यात आले. दुरावा टिकला नाही. नोव्हेंबर १७७३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने विल्यमशी विवाह केला.

त्या काळच्या इंग्लंडमधील विवाहाचा कायदा लक्षात घेतल्याशिवाय साराचे पुढील आयुष्य समजणार नाही. लग्न होताच स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होई. तिने मिळवलेला पैसा नवऱ्याच्या मालकीचा ठरे आणि तिच्या नावाने करारही होऊ शकत नसे. विवाहित स्त्रीच्या कमाईवर तिचा स्वतःचा हक्क मान्य करणारा कायदा इंग्लंडमध्ये झाला तो १८७० साली, म्हणजे साराच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. विल्यम हा सामान्य वकुबाचा नट होता. कुटुंब चालत होते ते बायकोच्या अभिनयावर, आणि व्यवहार होत होते ते त्याच्या सहीने.

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचा सूत्रधार आणि त्या काळचा सर्वश्रेष्ठ नट डेव्हिड गॅरिक याच्यापर्यंत साराची कीर्ती पोहोचली. त्याने तिला बोलावून घेतले. २९ डिसेंबर १७७५ रोजी तिने पोर्शियाची भूमिका केली आणि ती साफ पडली. दुसऱ्या अपत्याच्या बाळंतपणाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आवाज चढत नव्हता, पाय लटपटत होते. हंगाम संपल्यावर तिला पुन्हा करार न देण्याचा निर्णय झाला. एकविसाव्या वर्षी राजधानीने नाकारलेली ही नटी पुन्हा गावोगावच्या रंगमंचाकडे वळली. १७७८ पासून चार वर्षे बाथ येथे तिने घालवली. या काळात एक दिवस तालीम, दुसऱ्या दिवशी प्रयोग, मध्ये प्रवास, घरी तान्ही मुले आणि रात्री पाठांतर असा तिचा क्रम होता.

लंडनबाहेर तिने हॅम्लेटची भूमिकाही अनेकदा केली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. बालगंधर्वांची परंपरा ज्यांना परिचित आहे अशा मराठी वाचकाला पुरुषाने स्त्रीपात्र रंगवणे नवे नाही. शेक्सपिअरच्या हयातीत तर लेडी मॅकबेथदेखील एखादा किशोरवयीन मुलगाच साकारत असे. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया आल्या त्या १६६० नंतर. स्त्रीने विचारी, संशयी राजपुत्र रंगवण्याचा प्रयोग मात्र साराने लंडनच्या प्रेक्षकांपुढे कधीच केला नाही.

१७८२ मध्ये ड्रुरी लेनने तिला पुन्हा बोलावले. बाथ सोडताना तिने एक विलक्षण गोष्ट केली. निरोपाच्या प्रयोगात आपण हे गाव का सोडत आहोत, याची कारणे सांगताना तिने आपली तीन मुले रंगमंचावर आणून उभी केली. पैशासाठी, मोठ्या नावासाठी जात आहोत, असे उघड म्हणण्याची मुभा तिला नव्हती. आईपणाची ढाल पुढे केली की महत्त्वाकांक्षा क्षम्य ठरते, हे तिने ओळखले होते. कृतीत लबाडी नव्हती, कारण मुलांची गरज खरीच होती. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १० ऑक्टोबर १७८२ रोजी ती 'इझाबेला' या करुण नाटकात लंडनच्या प्रेक्षकांपुढे पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या मुलाच्या भूमिकेत तिचा आठ वर्षांचा हेन्रीच होता. प्रेक्षागृह हुंदक्यांनी भरून गेले. सहा वर्षांपूर्वी तिला नाकारणारे शहर तिच्या प्रयोगांसाठी दारे तोडू लागले. १७८४ मध्ये जोशुआ रेनॉल्ड्स याने सिंहासनावर बसलेली शोकनाट्याची देवता म्हणून तिचे चित्र रंगवले.

त्याच वर्षी तिला समाजाची दुसरी बाजूही दिसली. गरजू सहकलावंतांच्या मदतीसाठी होणाऱ्या प्रयोगात काम करण्यास तिने नकार दिला, किंवा त्याचे पैसे मागितले, अशी वदंता उठली. ऑक्टोबरमध्ये ती रंगमंचावर येताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. भाऊ जॉन फिलिप केंबल याने तिला आत नेले. थोड्या वेळाने ती एकटीच बाहेर आली, आपण निर्दोष असल्याचे तिने शांतपणे सांगितले आणि मग प्रयोग पार पाडला. गॅरिकनेही रंगभूमीवर मोठी संपत्ती जमवली होती. साराला कंजूष हे विशेषण चिकटले ते आयुष्यभर.

या पार्श्वभूमीवर २ फेब्रुवारी १७८५ रोजी तिने लंडनमध्ये प्रथमच लेडी मॅकबेथ केली. भूमिका तिला नवी नव्हती. वयाच्या विसाव्या वर्षी तिने ती पाठ करायला घेतली होती. घरातील सारे झोपल्यावर, रात्रीच्या शांततेत खुनाच्या प्रवेशापर्यंत पोहोचताच तिला इतकी भीती वाटली की हातात मेणबत्ती घेऊन ती जिन्यावरून धावत सुटली आणि कपडे न बदलताच अंथरुणात शिरली. ही आठवण तिनेच पुढे लिहून ठेवली आहे. या भूमिकेवर तोवर हॅना प्रिचर्ड या दिवंगत अभिनेत्रीची छाप होती. प्रिचर्डबाईंनी आपल्या वाट्याच्या संवादांपलीकडे हे नाटक कधी वाचलेच नव्हते, असे डॉ. जॉन्सन यांनी साराला सांगितले होते. साराला याचे फार आश्चर्य वाटले.

लेडी मॅकबेथ पहिल्या अंकात अशरीरी शक्तींना आवाहन करते आणि आपले स्त्रीत्व हिरावून घेण्याची याचना करते. पूर्वीचे अर्थकार यावरून तिला राक्षसी ठरवत. साराने वेगळा प्रश्न विचारला. जे मुळातच नाही ते काढून घ्या, असे कोणी का म्हणेल? त्या पात्राने मुलाला अंगावर पाजले आहे आणि त्या मायेची ओळख तिला आहे, हे नाटकातच आलेले आहे. म्हणून साराने आपल्या टिपणांत लेडी मॅकबेथची कल्पना केली ती गौरवर्णी, नाजूक, अतिशय स्त्रीसुलभ अशी. नवऱ्यावर तिचा जो प्रभाव चालतो तो या मोहकतेमुळे, असे तिचे म्हणणे होते. प्रत्यक्ष रंगमंचावर मात्र सारा उंच, भारदस्त, करारी दिसे. टिपणांतली आणि प्रयोगातली लेडी मॅकबेथ यांच्यातील हे अंतर अभ्यासकांना अडचणीचे वाटते. माझ्या मते ते पात्रातच आहे. कोमलता दडपल्याशिवाय सत्तेच्या जवळ जाता येत नाही, ही त्या पात्राची समजूत आहे.

येथे भाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मॅकबेथ कचरतो तेव्हा पत्नी त्याच्या पुरुषपणालाच आव्हान देते आणि त्या सबंध प्रवेशात 'मॅन' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. इंग्रजीत तो शब्द माणूस आणि पुरुष या दोन्ही अर्थांनी चालतो. मॅकबेथ त्यातला माणुसकीचा अर्थ धरतो, ती मर्दपणाचा. मराठी रूपांतरकाराला 'माणूस', 'पुरुष' किंवा 'मर्द' यांतून निवड करावीच लागते, आणि निवड केली की मूळची संदिग्धता हरवते. आपल्याकडे 'बाईमाणूस' आणि 'गडीमाणूस' असे शब्द आहेत, म्हणजे 'माणूस' पुरेसा तटस्थ आहे, पण मग त्यात आव्हानाची धार उरत नाही. शि. म. परांजपे यांचे 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकर यांचे 'राजमुकुट' ही 'मॅकबेथ'ची मराठी रूपे ज्यांना उपलब्ध होतील त्यांनी हा प्रवेश शेजारी ठेवून पाहावा.

याच प्रवेशात आपण अपयशी ठरलो तर काय, असे मॅकबेथ विचारतो आणि ती दोनच शब्दांत उत्तर देते. सारा हे उत्तर आरंभी तिरस्कारयुक्त प्रश्नासारखे म्हणे. पुढे तिने उद्गाराचा स्वर लावून पाहिला. अखेरीस तिने ते शब्द खाली उतरत्या, संथ, निश्चयी स्वरात म्हणायला सुरुवात केली. अपयश आले तर आले, मग सारेच संपले, असा अर्थ त्यातून निघू लागला. शब्द तेच राहिले. केवळ स्वराघाताच्या बदलाने नवऱ्याला हिणवणारी स्त्री नाहीशी झाली आणि त्याच्याबरोबर विनाशाची जोखीम पत्करणारी सहचारिणी उभी राहिली. स्वनशास्त्राच्या वर्गात सुरावलीचे याहून चांगले उदाहरण मला देता आलेले नाही.

निद्राभ्रमणाच्या प्रवेशात तोवरच्या अभिनेत्री हातातली मेणबत्ती खाली ठेवत नसत. साराने ती ठेवण्याचे ठरवले, कारण हातावरचे न जाणारे रक्त धुवायला दोन्ही हात मोकळे हवेत. पहिल्या प्रयोगाच्या रात्री नाट्यगृहाचा चालक शेरिडन रंगपटाच्या दारावर येऊन धडकला आणि ही नवलाई प्रेक्षक खपवून घेणार नाहीत, असे विनवू लागला. तयारीच्या त्या घटकेला साराचा जीव कासावीस झाला, पण तिने ऐकले नाही. प्रयोगानंतर शेरिडननेच येऊन तिचे अभिनंदन केले. त्या रात्री मॅकबेथच्या भूमिकेत विल्यम स्मिथ हा नट होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. नाटकाचा तोल त्याच्याकडून तिच्याकडे सरकला होता.

पुढची सत्तावीस वर्षे ही भूमिका तिच्याच नावाने ओळखली गेली. एप्रिल १७९४ मध्ये ड्रुरी लेनची नवी वास्तू 'मॅकबेथ'नेच उघडली, तेव्हा सारा सहा महिन्यांची गरोदर होती. आपले स्त्रीत्व काढून घ्या असे म्हणणारी ती स्त्री त्या रात्री प्रेक्षकांना कशी दिसली असेल, याची कल्पना करून पाहावी. घरात मात्र दुःखांची रीघ होती. सात मुलांपैकी पाच तिच्या डोळ्यांदेखत गेली. मारिया १७९८ मध्ये गेली. १८०३ मध्ये सॅली वारली तेव्हा सारा आयर्लंडचा दौरा आटोपून परतीच्या वाटेवर होती. शेरिडन पगार थकवत असल्याने पैशांची निकड होती आणि दौऱ्यावर जाणे भाग पडले होते. मुलीची अखेरची भेट झाली नाही. पुढे नवरा प्रकृतीच्या कारणाने बाथला वेगळा राहू लागला आणि १८०८ मध्ये वारला. मुलगा जॉर्ज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये होता.

ड्रुरी लेन सोडून सारा भावाच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आली. आगीत भस्म झालेले ते नाट्यगृह सप्टेंबर १८०९ मध्ये पुन्हा उघडले तेही 'मॅकबेथ'ने. वाढीव तिकीटदरांविरुद्ध प्रेक्षकांनी एवढा गदारोळ केला की तिचा एक शब्दही ऐकू गेला नाही. हे दंगे सदुसष्ट रात्री चालले. २९ जून १८१२ रोजी तिने लेडी मॅकबेथ करूनच रंगभूमीचा निरोप घेतला. निद्राभ्रमणाचा प्रवेश संपल्यावर प्रेक्षकांनी नाटक पुढे चालूच दिले नाही. मॅकबेथचा अंत त्या रात्री झाला नाही, युद्ध झाले नाही, नवा राजा आला नाही. पडदा पडला आणि काही वेळाने शुभ्र वस्त्रांत ती निरोपाचे भाषण करण्यासाठी पुन्हा बाहेर आली.

८ जून १८३१ रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले. पॅडिंग्टन येथे तिचे दफन झाले आणि तेथील हिरवळीवर १८९७ मध्ये तिचा बैठा पुतळा उभारण्यात आला. लेडी मॅकबेथवरील तिची टिपणे १८३४ मध्ये टॉमस कॅम्बेल याने लिहिलेल्या तिच्या चरित्रातून प्रसिद्ध झाली. त्यांत तिने राणी झाल्यानंतरच्या लेडी मॅकबेथकडे विशेष लक्ष वेधले आहे. सत्ता मिळाली, पण तिचा वाटा तिला मिळाला नाही. नवरा आता तिला विचारत नाही, बँकोचा काटा काढण्याचा बेतही सांगत नाही. तरीही ती आपली खिन्नता गिळून त्यालाच धीर देत राहते. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश पुन्हा वाचताना नवरा आत येण्यापूर्वी ती एकटी काय बोलते आणि तो येताच तिचा स्वर कसा बदलतो, हे आपण मोठ्याने वाचून पाहावे.