रक्ताची ऊब

डेंगीचा संशय आला की आमच्या लिंबागणेशात पारावरसुद्धा प्लेटलेटचा आकडा विचारला जातो. पण या रक्तपट्टिकांचे काम जगाला दाखवून देणाऱ्या माणसाचे नाव फारसे कुणाच्या कानावर नसते.

ज्युलिओ बिझोझेरो यांचा जन्म १८४६ साली इटलीतील वारेसेचा. विसाव्या वर्षी पाव्हियाला ते डॉक्टर झाले. पुढे १९०६ साली नोबेल मिळवणारे कामिल्लो गोल्जी तिथे त्यांच्याच प्रयोगशाळेत घडले.

बोनच्या माक्स शुल्त्से यांनी १८६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालची काच उबदार ठेवून रक्त पाहिले होते. त्यांना बारीक कणांचे पुंजके दिसले. पण ते रक्त शरीराबाहेरचे. बंद खात्यावरून उलाढाल कळत नाही, हे बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या मला चटकन पटते. बिझोझेरो यांनी वाहते रक्तच पाहिले. जिवंत गिनीपिगच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातील वाहिनीला इजा होताच चपट्या पट्टिका तिच्या भिंतीला चिकटत, एकीवर एक साचत आणि गळती बुजवत. हे त्यांनी १८८२ मध्ये तपशीलवार मांडले.

हे चिकटणे उबेवर अवलंबून असते, हे आता कळले आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांवरून ३३ कडे उतरू लागले, की पट्टिकांची भिंतीवरची पकड सैल होते. आणखी खाली रक्त गोठवणारी रसायनेही मंदावतात. रक्तपेढीत तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ठेवतात, पण पट्टिका सहसा २० ते २४ अंशांवर, सतत हलवत. फार गारठलेल्या पट्टिकांचा आकार बदलतो आणि रोग्याच्या शरीरात त्या फार काळ टिकत नाहीत.

उतारवयात डोळ्यांच्या विकाराने बिझोझेरो यांचा सूक्ष्मदर्शक सुटला. ते खचले नाहीत. सार्वजनिक आरोग्याच्या कामाला लागले. १९०१ साली न्यूमोनियाने ते गेले.

त्यांच्या कामाचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे हिवाळ्यात ऊसतोडीला जातात. पहाटेच्या गारठ्यात कोयता खोल लागला, तर जखम स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावी, ओले कपडे बदलावेत, अंगावर घोंगडी घालावी आणि लगेच दवाखाना गाठावा. ती घोंगडी नुसती माया नसते. रक्त थांबायला तिचीही मदत होते.