टीम मॅच जिंकली, तरी कॅप्टन फिक्सर होता: हॅन्सी क्रोनिएच्या गोष्टीत दडलेले धोक्याचे इशारे

१९ मार्च २०००. नागपूर. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मालिकेतली पाचवी वनडे. आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने ५३ चेंडूंत ७४ धावा कुटल्या. आफ्रिकेने ३२० धावा करून मॅच १० धावांनी जिंकली. प्रेक्षकांचे पैसे वसूल!

पण जूनमध्ये चौकशी आयोगासमोर वेगळीच गोष्ट बाहेर आली. याच मॅचसाठी आफ्रिकेच्या कॅप्टनने आपल्याच दोन खेळाडूंना प्रत्येकी १५ हजार डॉलरची ऑफर दिली होती. गिब्जने २० धावांच्या आत बाद व्हायचं आणि बॉलर हेन्री विल्यम्सने ५० पेक्षा जास्त धावा द्यायच्या. दोघांनी होकारही दिला होता. मैदानात मात्र गिब्ज फटके मारत सुटला आणि विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच ओव्हरमध्ये दुखावला.

म्हणजे फिक्सिंग ठरलं होतं, पण स्कोअरकार्डवर त्याचा मागमूसही नव्हता. मग इशारे दिसतात कुठे? त्यासाठी त्या कॅप्टनचं, म्हणजे हॅन्सी क्रोनिएचं आयुष्य बघावं लागतं.

देशाचा लाडका कॅप्टन

२५ सप्टेंबर १९६९ रोजी ब्लूमफाँटेनमध्ये क्रोनिएचा जन्म झाला. वडीलही क्रिकेटपटू. वयाच्या २१ व्या वर्षी तो ऑरेंज फ्री स्टेट संघाचा कॅप्टन झाला. वर्णभेदामुळे घातलेली बंदी उठून आफ्रिका क्रिकेटमध्ये परतली होती. १९९२ मध्ये क्रोनिएने पदार्पण केलं आणि १९९४ मध्ये देशाचं कॅप्टनपद मिळवलं. त्याच्या हाताखाली संघाने ५३ पैकी २७ कसोटी जिंकल्या. शिस्तीचा, धार्मिक वृत्तीचा माणूस अशी त्याची प्रतिमा होती. त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

पहिला पैसा, काहीही न करता

डिसेंबर १९९६, कानपूर कसोटी. आफ्रिका हरण्याच्या मार्गावर होती. एका सट्टेबाजाने क्रोनिएला ३० हजार डॉलर दिले. खेळाडूंना विकेट फेकायला सांगायचं, एवढंच काम. क्रोनिएने नंतर आयोगाला सांगितलं, की त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. संघ तसाही हरणारच होता. फुकटचे पैसे!

खरा सापळा हाच होता. पैसे घेतले की माणूस अडकतो. पुढे त्याने संघाची आतली माहिती पुरवूनही पैसे घेतले.

त्याच दौऱ्यात मुंबईत मोहिंदर अमरनाथच्या बेनिफिट मॅचआधी क्रोनिएने चक्क टीम मीटिंगमध्ये हरण्याची ऑफर मांडली. काही खेळाडूंनी कडाडून विरोध केला आणि ऑफर फेटाळली गेली. पण क्रोनिए कॅप्टनपदावर कायम राहिला.

सेंच्युरियनचा दिलदारपणा

जानेवारी २०००. इंग्लंडविरुद्धची मालिका आफ्रिकेने आधीच जिंकली होती. शेवटच्या कसोटीचे तीन दिवस पावसात वाहून गेले आणि मॅच ड्रॉ होणार हे नक्की होतं. अचानक क्रोनिएने इंग्लंडपुढे प्रस्ताव ठेवला: दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यायचा आणि निकाल लावायचा. इंग्लंडने २४९ धावांचं लक्ष्य दोन विकेट राखून गाठलं. अनेकांनी क्रोनिएची पाठ थोपटली.

निकाल लागावा म्हणून त्याला एका सट्टेबाजाने गळ घातली होती, हे नंतर कळलं. बदल्यात मिळाले सुमारे ५० हजार रँड आणि एक लेदर जॅकेट.

शेवट

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी क्रोनिए आणि सट्टेबाजाचं फोनवरचं संभाषण हाती लागल्याचं जाहीर केलं. आधी त्याने सगळं नाकारलं. ११ एप्रिलच्या पहाटे त्याने बोर्डाच्या प्रमुखांना फोन करून आपण पूर्ण खरं बोललो नसल्याची कबुली दिली आणि कॅप्टनपद गेलं. किंग आयोगासमोर त्याने पैसे घेतल्याचं मान्य केलं. ऑक्टोबरमध्ये आजीवन बंदी आली. गिब्ज आणि विल्यम्सवर सहा महिन्यांची बंदी आली. १ जून २००२ रोजी जॉर्ज शहराजवळ मालवाहू विमान डोंगरावर कोसळून क्रोनिएचा मृत्यू झाला. वय अवघं ३२.

मग इशारे कोणते?

- कारण नसताना मैत्री आणि भेटवस्तू. जॅकेट, रोख रक्कम, 'सहज दिलंय, ठेव'.
- साधी वाटणारी माहिती विचारणं. पिच कसं आहे? उद्या कोण खेळणार? सट्टेबाजासाठी हीच माहिती सोन्याची असते.
- सीनियरकडून आलेली ऑफर. गिब्ज आणि विल्यम्सला कॅप्टननेच विचारलं होतं. अशा वेळी 'नाही' म्हणणं सर्वात अवघड जातं.
- अचानक बदललेला निर्णय. तो मैदानात चूक नसेलही, पण त्याआधी कुणाशी बोलणं झालं होतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

एक खराब ओव्हर किंवा सुटलेला कॅच हा पुरावा नसतो. म्हणूनच आज आयसीसीच्या नियमांत ऑफर नाकारणं पुरेसं नाही, ती कळवणंही बंधनकारक आहे. ऑफर आल्याचं न कळवल्यामुळे २०१९ मध्ये बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर बंदी आली होती.

१९९६ मध्ये मुंबईच्या त्या मीटिंगमध्ये खेळाडू 'नाही' म्हणाले होते. तो विषय तिथेच मिटला नसता, तर कदाचित नागपूरपर्यंत गोष्ट गेलीच नसती.